भागीरथी मावशीचा अर्धा राब

भागीरथी धानके समोरून येताना दिसली की आमच्या गावातली निम्मी माणसं वाट बदलतात. बाई भांडकुदळ नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण ती प्रश्न विचारते. धसईच्या एसटीत कंडक्टरला तिनं एकदा विचारलं, तिकिटाच्या मशीनमध्ये शाई कुठून भरता? तो म्हणाला, शाई नसतेच. मग अक्षरं कुठून येतात? आणि तिकीट उन्हात ठेवलं की ती जातात कुठं? फाटा येईपर्यंत बिचारा मागच्या सीटवर जाऊन बसला होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं, रक्तदाबाचा पट्टा डाव्याच दंडाला का? आणि डॉक्टरीणबाईंनी निमूटपणे उजव्या दंडालाही लावून दाखवला.

तिचे यजमान देवजी मोजकं बोलणारे. त्यांचं म्हणणं, "हिच्या तोंडात जीभ नाय, आकडा हाय. माणूस अडकला की सुटत नाय."

मी या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नऊ वर्षं शिकवते. मूळची जळगावकडची. आता मुरबाडला राहते, एसटीने फाट्यावर उतरते आणि वीस मिनिटं चालत शाळेत येते. माझा स्वभाव तापट आहे, हे पहिलीतली मुलं पहिल्याच आठवड्यात घरी सांगतात. मला प्रश्न आवडतात, पण ते माझ्या विषयातले असावेत आणि माझ्या वेळेत यावेत. त्यामुळे भागीरथी मावशीचं आणि माझं जमण्याचं काही कारण नव्हतं.

ते जमलं, किंवा बिघडलं म्हणा, शहापूरच्या प्रशिक्षणामुळे. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतले शिक्षक तिथे तीन दिवस बसलो. विषय होता शाश्वत विकासाचं शिक्षण. म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या तोंडचं न काढता आपण कसं जगायचं, हे मुलांनी पुस्तकातून पाठ न करता आपल्याच गावात शोधायचं. कल्पना मला मनापासून आवडली. शेवटच्या दिवशी सांगितलं, प्रत्येक शाळेनं आपल्या गावातला एक प्रश्न निवडावा, मुलांसह त्याचा शोध घ्यावा. माझा प्रश्न मी चहाच्या सुट्टीतच ठरवून टाकला होता. त्यात शोधण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही, आणि तिथेच माझं चुकलं.

माझा प्रश्न होता राब. आमच्याकडे भाताची रोपं, म्हणजे आवण, आधी एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून मोठ्या खाचरांत लावतात. त्या लहान तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पाचोळा, वर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवून देतात. ते रात्रभर धुमसत राहतं. याला राब भाजणं म्हणतात. डहाळ्यांसाठी दरवर्षी ऐनाची झाडं ओरबाडली जातात. फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या मागचे ऐन कापड फाटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे उभे असतात. मार्चमध्ये मुलं लाल डोळे घेऊन, खोकत वर्गात येतात. मला नऊ वर्षं या धुराचा राग होता.

मी दुसऱ्याच दिवशी मुलांना शपथ दिली. एक कागदही छापून घेतला, "आमच्या घरी या वर्षी राब जाळणार नाही", खाली पालकांची सही. एकतीस मुलांपैकी तीस मुलांनी सह्या आणल्या. मी इतकी खूश झाले की मुरबाडला जाताना फाट्यावर भेळ खाल्ली. नऊ वर्षांत मला एवढं कळायला हवं होतं की शाळेतून आलेल्या कागदावर आमचं गाव डोळे मिटून सही करतं. सहल असो, लस असो, जंताची गोळी असो, शाळेनं मागितली की सही द्यायची असते. तिचा राबाशी काय संबंध?

एकतिसावा कागद कुणालीचा होता. तिसरीतली, भागीरथी मावशीची नात. कागद कोरा होता. "आजी म्हणली, इचारल्याशिवाय सही नाय करणार."

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी मावशी शाळेच्या पायरीवर हजर. पन्नाशीची, शिडशिडीत, हातात विळा. मी भांडणाची सगळी तयारी करून बाहेर आले.

"बाई," ती म्हणाली, "धूर वाईट, झाडं बोडकी होतात, हे पटलं मला. पण राबातलं आवण जोरात का येतं?"

"राखेमुळे येत असेल," मी म्हटलं.

"असेल? नक्की राखेनंच? का आग लागल्यानं? का शेणानं? माती भाजल्यानं काय होतं?"

"मावशी, मी काही शेतकी कॉलेजात शिकलेले नाही."

"मी बी नाय. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती म्हणून राहिलं." तिनं विळा खाली ठेवला. "पण तुमाला ठाऊक नाय, तर पोरांना शपथ कशाची घातली?"

मला असा राग आला म्हणून सांगू! मुलं खिडकीत जमली होती. मी म्हटलं, शाळेच्या वेळेत मला वेळ नसतो. ती बरं म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. दुपारच्या सुट्टीपर्यंत बसली. सुट्टीत मी डबा घेऊन तिच्याशेजारी बसले, कारण तोवर माझा राग उतरला होता आणि तो प्रश्न मलाही आकड्यासारखा टोचू लागला होता. खरंच, का बरं?

आम्ही मुलांना घरोघर पाठवलं. राब का भाजायचा, एवढं एकच विचारून या. उत्तरं आली ती अशी: बाप भाजायचा म्हणून. किडे मरतात. तण मरतं. माती भुसभुशीत होते. नाही भाजलं तर शेत रुसतं. एका म्हाताऱ्यानं तर विचारणाऱ्या पोराचाच कान धरला. कुणालीनं सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली, आणि मावशी फळ्यासमोर उभी राहून, सिनेमाचं पोस्टर बघावं तशी कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढी उत्तरं म्हणजे खरं कुणालाच ठाऊक नाय," ती म्हणाली. "बाई, माझा राबाचा तुकडा तुमच्या कुंपणाला लागून हाय. अर्धा भाजते. अर्धा नाय भाजत, शेणखत घालते. पोरांनी रोज बघावं आणि लिहावं."

मी टाळ्याच वाजवल्या. टाळ्या वाजवायला माझं काय जात होतं? तिचा तो चार गुंठ्यांचा तुकडा म्हणजे बारा खाचरांचं आवण, आणि बारा खाचरं म्हणजे घरातल्या पाच माणसांचा वर्षाचा भात. तोही झिनीचा. वाडा तालुक्यातल्या माहेराहून लग्नात आणलेलं ते बारीक तांदळाचं बियाणं तिनं तीस वर्षं जपलं होतं. अर्ध्या तुकड्यातलं आवण फसलं, तर सहा खाचरं ओस पडणार होती. देवजींना हे माझ्याआधी कळलं.

"भाताशी मस्करी नाय करायची," ते एवढंच म्हणाले आणि चार दिवस जेवताना बोलले नाहीत.

"मस्करी कुठं करते?" मावशी म्हणाली. "इचारते हाय."

मार्चमध्ये गावात सगळीकडे राब धुमसले. सह्या करणाऱ्या तीसच्या तीस घरांचे. मी खिडक्या लावून वर्ग घेतला आणि मनातल्या मनात प्रत्येक सहीचा उद्धार केला. मावशीच्या तुकड्याचा अर्धा भाग काळा झाला, अर्धा तपकिरी राहिला. तपकिरी भागासाठी आम्ही शाळेमागे शेणाचा खड्डा केला होता. पुस्तकात लिहिलं होतं, दोन महिन्यांत खत तयार होतं. दोन महिने झाले आणि मी मुलांकडून ते पसरवून घेतलं. मावशीनं मूठभर उचलून वास घेतला. "अजून शेणाचाच वास येतो," ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकात दोनच महिने दिलेत. तिला शिकलेल्या माणसाचं ऐकावंसं वाटलं असावं. तेवढी एक वेळ तिनं प्रश्न विचारला नाही.

जूनमध्ये पेरणी झाली, शाळा उघडली आणि मुलं पट्ट्या घेऊन कुंपणापाशी बसू लागली. दर सोमवारी रोपांची उंची. काठ्यांचा एक चौकोन करून त्यात तण किती, तेही मोजायचं. पहिल्या सोमवारी दोन्ही बाजू सारख्या. दुसऱ्या सोमवारी कुणाली धावत आली, "बाई, भाजलेल्यात चार! न भाजलेल्यात त्रेपन्न!"

जाऊन पाहिलं तर तपकिरी बाजू दाट हिरवीगार. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय आवण आलंय! जवळ गेलं की त्यात भात शोधावा लागत होता. मावशी गुडघ्यावर बसली, एक एक पात उपटून नाकाशी धरायला लागली.

"हे तण माझ्या शेतातलं नाय," ती हळूच म्हणाली. "हे वरच्या माळावरचं गवत. इथं कसं आलं?" मग तिचे डोळे असे चमकले की मी विसरणार नाही. "गुरं! गुरं माळावर चरतात. बी त्यांच्या पोटातून शेणात, शेणातून खड्ड्यात, खड्ड्यातून इथं. आपणच पेरलं की गो हे, कुणाली! राबात ते जळून जातं. आपलं खत कुजलंच नाय, म्हणून बी जिवंत राहिलं."

मुलांना फार गंमत वाटली. मला वाटली नाही. खत कच्चं होतं, आणि ते घालायला मीच लावलं होतं. मी तसं म्हटलं तर मावशीनं हात झटकला. "पण कळलं का नाय? तीस वर्षं भाजते मी, आज कळलं!" पाठीमागे देवजी उभे होते. ते खाली बसले आणि तण उपटायला लागले. तीन दिवस सगळं घर तण उपटत होतं. मीसुद्धा संध्याकाळची एसटी चुकवून उपटलं.

तण गेलं आणि रोपं वाढली. उंचीत दोन बोटांचा फरक राहिला, एवढाच. माझ्या जिवात जीव आला. मी मनात अहवालाची वाक्यं जुळवायला लागले होते.

जुलैत आवण उपटायचा दिवस आला. मजुरीला वाडीवरच्या चौघी आल्या होत्या. वाडी म्हणजे गावाच्या कडेची कातकऱ्यांची दहा-बारा घरं. त्यांना शेत नाही. पावसाळ्यात त्या गावातली आवणी, म्हणजे भाताची लावणी, करतात, आणि दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ती मे संपता संपता परत येतात. चौघींत पुढे होती जना. चाळिशीची, हाताला अशी चपळ की बघत राहावं. मी मुलांना घेऊन बांधावर उभी होते.

भाजलेल्या बाजूचं आवण सरसर निघालं. जना मूठ धरायची, किंचित मागे ओढायची, पाण्यात खळबळायची आणि पांढरीशुभ्र मुळं वर. मग त्या तपकिरी बाजूला वळल्या. जनानं मूठ धरली, ओढली. पट्‌ असा आवाज झाला. वरची पाती हातात, मुळं मातीत. पुन्हा धरली. पुन्हा पट्‌. न भाजलेली माती घट्ट बसली होती आणि रोपांना धरून ठेवत होती. चौघी हलक्या हातानं, पाणी मारून, बोटांनी माती उकरून काढायला लागल्या. तरी दोन मुठींतली एक तुटत होती. दुपारपर्यंत तुटक्या रोपांचा ढीग झाला. हिशेब सोपा होता. भाजलेल्या बाजूच्या आवणात सहा खाचरं लागणार, या बाजूच्यात जेमतेम तीन. तीन ओस.

मावशी त्या ढिगाशेजारी बसली. देवजींनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. माझ्या उत्साहापायी एका घरचा तीन महिन्यांचा भात चिखलात पडला होता. मला रडू येत होतं आणि मुलांसमोर रडायचं नव्हतं.

तेव्हा जना, पाठ सरळ करत, अगदी सहज बोलली. "तुटणारच. राख कुठं घातली ह्यांनी."

"कसली राख?" मावशीनं मान वर केली.

"तुसाची. भाताच्या टरफलाची. आमच्या भट्टीचा शेठ भट्टीत तूस जाळतो, ती काळी राख नेऊन राबात मिसळतो. भाजत नाय काय नाय. लोण्यातून केस निघावा तसं आवण निघतं त्याचं. आमीच चार दिवस जाऊन काढून देतो दरवर्षी, मग इकडची आवणी."

"मग पेरणीच्या वेळी बोलली का नाय गो?"

जना हसली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पोरांनी गावात घरोघर जाऊन इचारलं म्हणे. वाडीवर कोण आलं? आमी नव्हतो तवा, खरं हाय. पण आल्यावर बी मला कोणी इचारलंच नाय. मजुरीला आलेल्या बाईनं आपणहून सांगायचं, तर मालक म्हणतो, काम कर."

मी मुलांकडे पाहिलं नाही. आवण उपटणारे हात गावात कुणाचे? यांचेच. आणि माती घट्ट आहे की मऊ, हे त्या हातांखेरीज कुणाला कळणार? एकतीस मुलं, पुरा फळा भरून उत्तरं, शाश्वत विकास, आणि या बाईचं नाव माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

आमच्याकडे एक रीत आहे. आवणी झाल्यावर उरलेलं आवण कोणी विकत नाही. ते बांधावर ठेवतात, ज्याला कमी पडलं त्यानं येऊन न्यावं. फक्त नेणाऱ्याला मालक विचारतो, काय झालं? गुरं शिरली, खेकड्यांनी कापलं, पाणी वाहून गेलं, जे असेल ते सांगायचं. मावशी उठली आणि टोपली घेऊन निघाली. मी म्हटलं, मी येते, चूक माझी आहे, मी सांगते.

"तुमी या," ती म्हणाली, "पण सांगणार मी. तुमाला नीट सांगता नाय यायचं."

पहिला बांध भरतचा. त्याचा मुलगा दुसरीत, त्याची सही माझ्या फायलीत. मला बघून तो मिशीत हसला. "बाई, हे जाळलेल्या राबाचं आवण हाय. चालेल का तुमाला?"

आजूबाजूच्या खाचरांतली माणसं वाकल्या वाकल्या हसली. माझे कान तापले. "चालेल," मी म्हटलं, "आणि पळेलसुद्धा."

"काय झालं गो, काकी?" भरतनं मावशीला विचारलं.

आणि मावशीनं सांगितलं. लाजून नाही, रडून नाही. शेणातून तण कसं आलं, कच्चं खत का घालायचं नाही, माती घट्ट कशी झाली, मुळं कुठं तुटली, आणि जनाचं तुसाच्या राखेचं म्हणणं, जनाचं नाव घेऊन. भरत हातातली मूठ तशीच धरून ऐकत राहिला. पाच बांधांवर तिनं पाच वेळा तेच सांगितलं, आणि प्रत्येक बांधावर माणसं आधी हसायला आली आणि मग विचारायला लागली. मी डोक्यावर आवणाच्या मुठी घेऊन मागून चालत होते. दोनदा घसरले. तिसऱ्या बांधावर मला कळलं की मी नऊ वर्षांत घेतला नसेल असा वर्ग ही बाई चिखलात उभी राहून घेते आहे.

तीन खाचरं मागून आणलेल्या आवणानं भरली. पण ते जाड भाताचं आवण होतं. त्या वर्षीची झिनी धानक्यांच्या घरात नऊ महिन्यांतच संपली आणि जाड तांदूळ शिजायला लागला. एकदा मी जेवायला होते. देवजींनी घास घेतला, चावला, आणि छताकडे बघून म्हणाले, "प्रश्न इचारल्याची चव."

शाळेच्या फॉर्ममध्ये "उपक्रमाची फलनिष्पत्ती" असा रकाना होता. मी "फसला" लिहिलं आणि पुढे दोन पानं जोडली, का फसला ते. मला वाटलं होतं ताशेरा येईल. काहीच आलं नाही.

मावशी मात्र थांबणारी नव्हती. दिवाळीनंतर वाडीवरची माणसं भट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी ती जनाच्या दारात गेली. मी बरोबर होते. धानक्यांच्या घरातलं कोणी वाडीवर गेलं तर आवणीला बोलवायला, तेही बाहेर उभं राहून हाक मारायला. मावशी ओट्यावर टेकली आणि तासभर विचारत राहिली. राख किती? ओली का सुकी? वर टाकायची का मातीत मिसळायची? जना सामान बांधता बांधता सांगत होती आणि मधूनच हसत होती. "सहा गोणी आणते," शेवटी ती म्हणाली. "शेठ फेकूनच देतो उरलेली."

मे अखेर भट्टीचा टेम्पो फाट्यावर आला. भांडी, बाजलं, कोंबड्या, आणि वर काळ्या राखेच्या सहा गोण्या. खड्ड्यातलं खत या वेळी वर्षभर कुजलेलं होतं. मातीसारखा वास येत होता त्याला. देवजींनी ऐनावर कोयता चालवला नव्हता, पण अट घातली होती, "ह्या वर्षी तुटलं, तर पुढल्या वर्षी मी भाजणार. आणि मला काय इचारायचं नाय." मावशी बरं म्हणाली. या वेळी अर्धा नाही, सगळा तुकडा तिनं न भाजता ठेवला होता. बाराच्या बारा खाचरं त्यावर होती. मला तर आवण उपटायच्या आदल्या रात्री झोप आली नाही.

उपटायच्या दिवशी गावातली दहा-पंधरा माणसं काही ना काही निमित्तानं आमच्या बांधावरून जात होती. भरत तर तीनदा गेला. जना तुकड्यात उतरली. तिनं मूठ धरली आणि किंचित मागे ओढली. आवाज आला नाही. तिनं मूठ पाण्यात खळबळली, वर काढली आणि मावशीच्या हातात दिली. लांब पांढरी मुळं, एकही तुटलेलं नाही.

मावशीनं ती मुळं बोटांनी विंचरली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात चिखलाचे होते. देवजी दोन पावलं पुढे आले, त्यांनी स्वतः एक मूठ उपटून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या मुठीला म्हणाले, "निघतं की," आणि तसेच उपटत पुढे गेले.

दुपारी जेवायला सगळे वर आले. आमच्याकडे मालकाच्या घरचे एका बांधावर बसतात आणि वाडीवरच्या बाया दुसऱ्या. कुणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप तिकडे वळतात. जना तिच्या बांधाकडे निघाली होती. मावशीनं भाकरीचा तुकडा मोडला, तो तोंडाशी नेता नेता थांबली आणि ओरडली, "जने, तुला अजून काय काय ठाऊक हाय गो?"

जना वळली. तिनं मावशीकडे पाहिलं, देवजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लय ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण लांबून ओरडून नाय सांगायची."

मग देवजींनी आपलं ताट उचललं, घोंगडीवर एका बाजूला सरकले आणि मधली जागा हातानं झाडून साफ केली. जना आली, बसली, फडक्यातली भाकरी सोडली. मावशीनं आपल्या ताटातली सुकटीची चटणी तिच्यापुढे सरकवली आणि पहिला प्रश्न विचारला.